ताळा कोठे चुकतो? : छोट्या संगणकाच्या पिनांची परीक्षा

व्यापाऱ्याच्या पेढीवर संध्याकाळचा एक जुना नियम असतो. रोजमेळ लिहून झाला की गल्ल्यातील रोकड मोजावयाची. वही एक रक्कम सांगते, गल्ला दुसरी सांगतो. दोन्ही जुळल्या की दिवस मिटला. न जुळल्यास अनुभवी मुनीम प्रथम एकच प्रश्न विचारतो : चूक वहीत आहे की गल्ल्यात? त्याचे उत्तर मिळेपर्यंत तो वहीतील आकडा खोडत नाही आणि कोणावर संशयही घेत नाही. या महिन्याच्या लेखाचा विषय दिसावयास अगदी नवा आहे. पण त्यातील बहुतेक अडचणी याच जुन्या नियमाने सुटतात.

विषय आहे तळहाताएवढ्या संगणकाचा. आपल्या घरांतील अनेक मुलेमुली आज अभियांत्रिकी शिकत आहेत. महाविद्यालयातील प्रकल्पासाठी आणलेला हा छोटा संगणक पुढे घरच्या गोदामातच बसवावा, तापमान व दमटपणा यांवर त्याने लक्ष ठेवावे, गरज पडताच पंखा सुरू करावा, अशी कल्पना त्यांना सुचते. कल्पना उत्तम असते. पण एके दिवशी दिवा लागत नाही, पंखा थांबत नाही, किंवा पडद्यावर भलताच आकडा उमटतो. मग मुलगा रात्रभर प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा लिहितो, वडील म्हणतात की यंत्रच हलके आहे, आणि आठवड्याभरात सारे सामान खोक्यात जाते.

नाशिकला अशा प्रयोगांचे वातावरण नवे नाही. २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये अध्यापन करणारे रमेश रास्कर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हा उपक्रम झाला. गर्दी, आरोग्य, निवास अशा प्रश्नांवर तरुणांनी येथे बसून उपाय शोधले. त्याच प्रवाहातून पुढे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र नाशकात उभे राहिले. लासलगावच्या कल्याणी शिंदे यांनी या केंद्राच्या साहाय्याने, साठवणुकीतील कांदा सडू लागताच सूचना देणाऱ्या उपकरणावर काम केले व ‘गोदाम इनोव्हेशन्स’ हा उद्योग उभारला. त्यातील मर्म कोणत्याही व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. माल बिघडल्यावर कळणे आणि बिघडू लागताच कळणे, या दोहोंत मोठे अंतर आहे.

परंतु हे अंतर राखणारे उपकरण खरे बोलत असेल तरच त्याचा उपयोग. सूचना देणारे यंत्र नसेल तर माणूस स्वतः जाऊन पोत्यात हात घालून पाहतो. यंत्र आहे, पण ते चुकीचे सांगते, अशा वेळी मात्र तो निर्धास्त राहतो. धान्याभोवतीच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला अनुकूल स्थिती होते. पावसाळ्यात नाशिकच्या गोदामात ही मर्यादा ओलांडली जाणे मुळीच कठीण नाही. म्हणून उपकरणाचा दोष नेमका कोठे आहे हे ओळखण्याची रीत घरातील लहानमोठ्या सर्वांना ठाऊक असावी.

या छोट्या संगणकांत सर्वाधिक परिचित नाव रास्पबेरी पाय. इंग्लंडमध्ये शालेय मुलांना संगणकाची गोडी लागावी या हेतूने तो तयार झाला व २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. इतर संगणकांपेक्षा त्याचे वेगळेपण म्हणजे त्याच्या कडेला उघड्या असलेल्या धातूच्या पिना. आरंभी त्या २६ होत्या. २०१४ पासून ४० झाल्या. या ४० पिनांपैकी दोन ५ व्होल्टचा पुरवठा देतात, दोन ३.३ व्होल्टचा, आणि आठ ग्राउंडच्या आहेत. उरलेल्या २८ पिनांवर प्रोग्रॅमची सत्ता चालते. त्यांपैकी दोन जोडपट्टीच्या ओळखीसाठी राखीव असल्याने प्रत्यक्ष वापरास २६ राहतात. प्रोग्रॅमने ‘चालू’ म्हटले की अशा पिनेवर ३.३ व्होल्ट येतात, ‘बंद’ म्हटले की शून्य. उलट दिशेने, बाहेरून आलेला विद्युतदाब पाहून ती प्रोग्रॅमला ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे कळवते.

आता ही आज्ञा किती हातांतून जाते ते पाहू. प्रोग्रॅम एका लायब्ररीला, म्हणजे तयार आज्ञांच्या संग्रहाला, सांगतो. लायब्ररी संगणकाच्या मूळ प्रणालीस सांगते. प्रणाली चिपला, चिप पिनेला, पिन तारेला आणि तार उपकरणाला. मालाची चिठ्ठी मालकाकडून मुनिमाकडे, मुनिमाकडून गोदामवाल्याकडे आणि तेथून हमालाकडे जावी, तसेच हे आहे. माल गाडीत चढला नाही म्हणून सर्वांना एकाच वेळी जाब विचारण्यात अर्थ नसतो. साखळीच्या मध्यावर उभे राहून पाहावे : चिठ्ठी गोदामाच्या दारापर्यंत पोचली होती काय?

आपल्या साखळीतील हे दार म्हणजे ती धातूची पिन, आणि तेथे उभा राहणारा साक्षीदार म्हणजे साधा मल्टिमीटर. कृती अशी. दर पाच सेकंदांनी एक पिन चालू-बंद करणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहावा. पिनेला जोडलेले बाकी सर्व सामान सोडवावे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी तार ग्राउंडला व लाल तार त्या पिनेला लावावी. मीटरची टोके थेट पिनांवर टेकवू नयेत. ती घसरून ५ व्होल्टची पिन शेजारच्या पिनेशी जोडली गेली तर चिप कायमची निकामी होऊ शकते. त्याऐवजी पिनेवर बसणारी छोटी जोडतार लावून तिच्या दुसऱ्या टोकाशी मीटर धरावा. काटा किंवा आकडा ०, ३.३, ०, ३.३ असा डोलू लागला, तर प्रोग्रॅमपासून पिनेपर्यंतचे सर्व हात निर्दोष ठरले. दोष पुढे, तारेत वा उपकरणात आहे. आकडा हललाच नाही, तर तारा उपसण्याचे कारण नाही. दोष मागे आहे. एका मोजणीने निम्मी साखळी बाजूला होते.

आणखी एक साक्षीदार संगणकातच असतो. रास्पबेरी पायच्या अलीकडील प्रणालीत ‘पिनकंट्रोल’ नावाचे साधन येते. विशिष्ट पिनेविषयी विचारले असता ती सध्या आज्ञा देणारी आहे की ऐकणारी, आणि तिच्यावर उच्च दाब आहे की नीच, हे ते चिपकडूनच पाहून सांगते. प्रोग्रॅमचे म्हणणे ही वही समजावी, पिनकंट्रोलचे उत्तर ही गोदामवाल्याची नोंद आणि मीटरचा आकडा हा प्रत्यक्ष माल. तिन्हींत प्रथम फरक कोठे पडतो, तेथेच शोध घ्यावा.

ही रीत काही नेहमीच्या तक्रारींना लावून पाहू.

पहिली तक्रार : दिवा कायम पेटलेला राहतो, प्रोग्रॅम बंद केला तरी विझत नाही. येथे बहुधा पिनांच्या दोन क्रमवाऱ्यांचा घोळ असतो. एक क्रम पट्टीवर मोजून येणारा, १ ते ४०. दुसरा चिपच्या आतील. प्रोग्रॅममध्ये बहुतेकदा दुसरा क्रम लिहितात. चिपचा १७ क्रमांक पट्टीवर अकराव्या जागी येतो. पट्टीवरील सतरावी जागा मात्र ३.३ व्होल्टच्या कायम पुरवठ्याची आहे. तेथे दिवा जोडला तर तो प्रोग्रॅमचे ऐकणार कसा? चार या अंकाचा घोळ अधिक महाग पडतो. चिपचा ४ क्रमांक पट्टीवर सातव्या जागी आहे, आणि पट्टीवरील चौथी जागा ५ व्होल्टची. एकाच नावाचे दोन खातेदार असले की मुनीम नावापुढे गाव लिहितो. तसे येथे प्रत्येक तारेपुढे दोन्ही क्रमांक लिहून ठेवावेत. ‘पिनआउट’ ही आज्ञा दिली असता समोरच्या संगणकाचा नकाशा पडद्यावर उमटतो, तो छापून भिंतीवर लावावा. रास्पबेरी पायऐवजी दुसऱ्या कंपनीचा संगणक घेतला असेल, तर पट्टी तशीच दिसली तरी चिपचे क्रमांक निराळे असतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी तक्रार : प्रोग्रॅम आरंभीच ‘परवानगी नाही’ असे सांगून थांबतो. हा दोष तारांचा नव्हे, अधिकाराचा आहे. लिनक्स प्रणालीत पिनांना हात लावण्याचा अधिकार ‘जीपीआयओ’ नावाच्या गटातील सदस्यांनाच असतो. नवा वापरकर्ता तयार केल्यावर त्यास या गटात घ्यावे लागते, आणि घेतल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा लागतो. त्यावाचून नवे सदस्यत्व लागू होत नाही. पुष्कळ जण हा शेवटचा भाग विसरतात आणि सर्वाधिकारी वापरकर्ता होऊन प्रोग्रॅम चालवू लागतात. काम होते, पण ते तिजोरीची किल्ली नोकराच्या हाती देण्यासारखे आहे. ‘पिन व्यस्त आहे’ असा संदेश आला तर त्याचा अर्थ वेगळा. सकाळी चालवलेला जुना प्रोग्रॅम मागे चालूच आहे आणि तीच पिन त्याने धरून ठेवली आहे. तो बंद केला की पिन मोकळी होते.

तिसरी तक्रार : जुन्या संगणकावर उत्तम चालणारा प्रोग्रॅम नव्यावर चालत नाही. हे कोडे गेल्या काही वर्षांत फार जणांस पडले आहे. २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ मध्ये पिनांचा कारभार मुख्य चिपकडून काढून ‘आरपी१’ या स्वतंत्र चिपकडे सोपवला गेला. जुनी, सर्वत्र शिकवली जाणारी ‘आरपीआय जीपीआयओ’ लायब्ररी मुख्य चिपच्या स्मृतीत थेट हात घालत असे. तिला आता तेथे काहीच सापडत नाही. पिना आणि तारा दोन्ही ठीक असतात, बदललेला असतो तो पत्ता. अशा वेळी ‘जीपीआयओ झीरो’ किंवा ‘एलजीपीआयओ’ या लायब्ररी वापराव्यात; त्या प्रणालीच्या अधिकृत मार्गाने जातात. त्याच वर्षी आलेल्या ‘बुकवर्म’ या आवृत्तीपासून पायथॉनचे नवे संग्रह थेट मूळ प्रणालीत बसवू दिले जात नाहीत. प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी ‘आभासी खोली’ करावी लागते. परिणामी हाताने चालवलेला प्रोग्रॅम चालतो, पण संगणक सुरू होताना आपोआप चालावा अशी व्यवस्था केली की अडतो, कारण तेव्हा तो त्या खोलीबाहेर उभा असतो. आपोआप सुरू करण्याच्या आज्ञेत त्या खोलीतील पायथॉनचा संपूर्ण पत्ता लिहिला की हा दोष जातो.

चौथी तक्रार : गोदामाचे तापमान अचानक ८५ अंश दिसते. घरात घबराट व्हावी असाच हा आकडा आहे. तापमानासाठी ‘डीएस१८बी२०’ हा तीन पायांचा सेन्सर पुष्कळ वापरला जातो. तो उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत मोजतो. पुरवठा मिळताच, पहिली मोजणी पूर्ण होण्याआधी, त्याच्या स्मृतीत जो प्रारंभीचा आकडा असतो तो नेमका ८५. म्हणून हा आकडा मधूनच दिसला तर सेन्सरचा पुरवठा क्षणभर तुटून पुन्हा आला असावा असे समजावे : तार ढिली आहे, फार लांब आहे किंवा पुरवठा अपुरा आहे. येथे प्रोग्रॅममध्ये ‘८५ आल्यास दुर्लक्ष करा’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. एखादी मोजणी टाळण्यापुरते ते योग्य आहे. पण किती वेळा टाळली याची नोंद ठेवली नाही, तर ढिली तार तशीच राहते. सेन्सर मुळीच सापडत नसेल, तर संगणकाच्या व्यवस्थेत ‘वन-वायर’ ही सोय चालू केली आहे का ते प्रथम पाहावे. नंतर संदेशाची तार आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे का ते पाहावे. तो नसेल तर तारेवरचा दाब वर टिकत नाही आणि सेन्सर असूनही बोलत नाही.

पाचवी तक्रार : पंखा सुरू होतो, पण थांबत नाही. येथे मीटरने पिन तपासली तर ती अगदी चोख आढळते. ० आणि ३.३ दोन्ही आकडे यथास्थित. दोष असतो जोडीत. बाजारातील पुष्कळ रिले ५ व्होल्टच्या संदेशासाठी बनवलेले असतात व उलट्या रीतीने चालतात : संदेश शून्य झाला की चालू, ५ झाला की बंद. आपली पिन ३.३ च्या वर जात नाही. मध्ये १.७ व्होल्टचा फरक शिल्लक राहतो, आणि काही रिलेंना तेवढाही चालू राहण्यास पुरतो. अशा वेळी प्रोग्रॅम कितीही बदलला तरी उपयोग नाही; ३.३ व्होल्टचा संदेश मानणारा रिले आणावा. याच्या उलट चूक अधिक घातक आहे. ५ व्होल्ट देणाऱ्या सेन्सरची तार थेट पिनेला जोडू नये. या पिना ३.३ व्होल्टपुरत्याच आहेत. १ आणि २ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी दाब विभागला की ५ चे सुमारे ३.३ होतात. आणि रिलेच्या पलीकडच्या बाजूस, जेथे घरातील २३० व्होल्टची वीज येते, तेथील काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. तो भाग विद्यार्थ्याच्या प्रयोगाचा नव्हे.

सहावी तक्रार सर्वांत फसवी : उन्हाळ्यात चाललेले उपकरण पावसाळ्यात मध्येच थांबते, पुन्हा चालते, पुन्हा थांबते. प्रयोगासाठी वापरतात ती छिद्रांची प्लॅस्टिक पाटी आणि टोचून बसवायच्या तारा टेबलावरच शोभतात. गोदामातील धूळ, दमटपणा आणि पोती आपटल्याचे हादरे त्यांस सोसत नाहीत. परीक्षा सोपी आहे. प्रोग्रॅम चालू ठेवून एकेक तार हलकेच हलवावी आणि आकडा कोणत्या तारेने बिघडतो ते पाहावे. कायमच्या कामासाठी जोड डाग देऊन पक्के करावेत किंवा स्क्रूने आवळायच्या पट्ट्या वापराव्यात, व सारे झाकणाच्या डब्यात ठेवावे. पुरवठाही तपासावा. दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की रास्पबेरी पाय कमी दाबाची सूचना देतो. पडद्यावर विजेची खूण दिसते. मोबाइलचा जुना चार्जर जोडलेला असेल तर ही खूण वारंवार दिसेल. पाय ४ साठी ५ व्होल्ट ३ अँपिअरचा, तर पाय ५ साठी ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर सांगितला आहे.

सहाही तक्रारींत पहिली पायरी एकच होती : प्रथम दोषाची बाजू ठरवावी, मग हात घालावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू लागले, तर कशाने चालले हे कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेथूनच आरंभ करावा लागतो. तार जोडण्यापूर्वी किंवा काढण्यापूर्वी मात्र संगणक रीतसर बंद करून पुरवठा काढावा.

यासाठी उपकरणाशेजारी एक छोटी वही टांगून ठेवावी. त्यात तारेचा रंग, पट्टीवरील जागा, चिपचा क्रमांक, अपेक्षित व्होल्ट आणि मोजलेले व्होल्ट असे पाच रकाने पुरेत. तिच्यासोबत भिंतीवर एक साधा तापमापक व आर्द्रतामापक असावा. आठवड्यातून एकदा त्याचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी शेजारी लिहावा. फरक वाढू लागला की सेन्सर बिघडण्याआधीच कळते.

या वहीचे काम घरातील वडीलधाऱ्यांकडे द्यावे, असे सुचवावेसे वाटते. प्रोग्रॅमची भाषा त्यांना येत नसेल. पण लिहिलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांतील फरक त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि उत्तर जुळेपर्यंत घाई न करण्याची सवय त्यांना आयुष्यभराची आहे. मुलीने प्रोग्रॅम चालवावा, आजोबांनी मीटर धरून आकडा सांगावा. अशी पहिली तपासणी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, गोदाम रिकामे करून झाडताना सहज उरकता येईल. तासाभराचे काम आहे, आणि त्यानंतर चार महिने त्या आकड्यांवर विसंबता येते.